लहान मुलांसाठी टोपीचा टॉवेल: बेळगाव भागात कसा निवडावा, कसा वापरावा

आपल्याकडे बारशाला कुंची येतेच. खणाची, जरीकाठाची, डोकं-कान-पाठ एकाच कापडात झाकणारी. टोपीचा टॉवेल म्हणजे तीच कुंची, फक्त पाणी टिपणाऱ्या कापडाची. दुकानात तो ‘बेबी हूड टॉवेल’ या नावाने मिळतो. कानडी दुकानदाराला ‘कुंचिगीसारखा टॉवेल’ म्हटलं तरी कळतं. पहिल्यांदा घ्यायला जाणारे आईबाप बहुतेक वेळा कापडाची जाडी आणि टोपीवरचे सशाचे कान बघून टॉवेल उचलतात. खरं तर बघायला हवी ती टोपीची कड किती लांब आहे, आणि भर जुलैत हा टॉवेल किती वेळात वाळेल, हे.

टोपीचं काम काय

तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. अंगावरच्या एकूण कातडीचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या डोक्याचा. केसांत पाणी धरून राहतं आणि ते वाळताना अंगातली ऊब घेऊन जातं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. थंडीतल्या सकाळी किंवा पावसाच्या झडीत न्हाणीतून सोप्यात येईपर्यंतचा वारा मोठ्यांनाही झोंबतो, मग ओल्या डोक्याच्या बाळाचं काय होत असेल! साध्या टॉवेलने आधी अंग गुंडाळायचं की आधी डोकं पुसायचं, अशी एका हाताची ओढाताण होते. टोपी असली की डोकं पहिल्याच हालचालीत झाकलं जातं आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

मात्र हे पांघरूण नव्हे. ओला झालेला टॉवेल अंगावर राहिला तर तोच बाळाला गार करतो. हे लक्षात ठेवलं की पुढची निवड सोपी होते: पाणी पटकन टिपेल, पटकन सुटेल आणि पटकन वाळेल, असं कापड हवं.

घरीच माप घ्या

दुकानात जाण्याआधी एक दोरा घ्या. बाळाच्या एका कानाच्या पाळीखाली दोऱ्याचं टोक धरा, टाळूवरून नेऊन दुसऱ्या कानाच्या पाळीखाली आणा आणि तिथे गाठ मारा. वर्षाच्या मुलाचं हे माप साधारण ३० ते ३३ सेंटिमीटर भरतं. टोपीची पुढची कड, म्हणजे चेहऱ्याभोवती येणारी तिरकी बाजू, या मापापेक्षा ८ ते १० सेंटिमीटर लांब हवी. एवढी असली तरच टोपी कानांखाली उतरते. कमी असेल तर ती टाळूवर टेकते आणि बाळाने मान हलवली की मागे सरकते.

बाजारातल्या कोपऱ्याच्या टोप्या त्रिकोणी असतात. त्रिकोणाच्या दोन सरळ बाजू २५ सेंटिमीटरच्या असतील तर तिरकी कड ३५ ची होते, ३० च्या असतील तर ४२ ची, ३५ च्या असतील तर जवळजवळ ५० ची. पाकिटावर टॉवेलचं माप असतं, पण टोपीचं बहुधा नसतं. म्हणून गाठ मारलेला दोरा खिशात ठेवा, टॉवेल उघडायला सांगा आणि कडेला लावून बघा. २५ ची टोपी पहिल्या काही महिन्यांतच तोकडी पडते. स्वस्त संचात मिळणारे टॉवेल वाया जातात ते बहुतेक इथेच.

टॉवेलचा आकार वयाप्रमाणे घ्या. पहिल्या आठ-नऊ महिन्यांना ७५ बाय ७५ सेंटिमीटरचा चौकोन पुरतो. तिथून दोन-अडीच वर्षांपर्यंत ९० बाय ९०. त्यानंतर चौकोन सोडून द्या. लांब बाजूच्या मधोमध टोपी शिवलेला आयताकृती टॉवेल किंवा डोक्यातून घालायचा पोंचो घ्या. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून कपडे मोठे घ्यायची आपली सवय चांगली, पण ती इथे चालवू नका. चालणाऱ्या मुलाचा टॉवेल घोट्याच्या वरच संपायला हवा. ओल्या फरशीवर कड पायाखाली आली की मूल तोंडावर पडतं.

कापड आणि वजन

टॉवेलची जाडी जीएसएममध्ये मोजतात. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. रोजच्या आंघोळीला ३५० ते ४५० चांगला. पावसाळ्यासाठी आणि पोहायला नेण्यासाठी ३०० ते ३५०. ५०० च्या पुढचा हाताला मऊ गुबगुबीत लागतो, दुकानात मोह होतो, पण जून ते सप्टेंबर खानापूरच्या बाजूला, किंवा बेळगाव शहरातही, तो दुसऱ्या दिवशीपर्यंत दमटच राहतो. आमचं मत स्पष्ट आहे: एका जाड टॉवेलऐवजी तीन हलके घ्या. एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात.

पाकिटावर जीएसएम नसेल तर वाण्याच्या काट्यावर टॉवेल तोलून घ्या. समजा टॉवेल ८० बाय ८० चा आहे आणि टोपीचा त्रिकोण ३० बाय ३० चा. टॉवेलचं क्षेत्रफळ ०.६४ चौरस मीटर, टोपीचं ०.०४५, मिळून ०.६८५. काटा २९० ग्रॅम दाखवत असेल तर २९० भागिले ०.६८५, म्हणजे सुमारे ४२३ जीएसएम. टोपीचं कापड धरलं नाही तर उत्तर ४५३ येतं आणि टॉवेल आहे त्यापेक्षा जाड वाटतो.

पहिल्या दोन-तीन महिन्यांना सगळ्यात चांगलं कापड मलमल. चार किंवा सहा पदरी मलमलीचा टोपीचा टॉवेल मऊ असतो, त्यात बोटं अडकत नाहीत आणि पंख्याखालीही वाळतो. जुन्या सुती धोतराचं किंवा लुगड्याचं धुवून धुवून मऊ झालेलं कापड घरात असेल तर तेही तितकंच उत्तम. आजी ते काढून ठेवतात ते उगीच नाही.

त्यानंतर सुती टेरी, म्हणजे फासे (धाग्याचे उभे बारीक वळसे) असलेलं नेहमीचं टॉवेलचं कापड. सोलापूरचा टेरी टॉवेल आपल्याकडे सहज मिळतो, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. टॉवेल घेताना फासे आखूड आणि दाट आहेत ना बघा. कापड उजेडापुढे धरा. मधून मधून विरळ पट्टे दिसले तर ठेवून द्या. लांब फाशांत तान्ह्याचं बोट अडकतं आणि फासा ओढला जाऊन धागा निघतो.

कार्टून छापलेल्या टॉवेलची छापील बाजू पुष्कळदा मखमलीसारखी असते, कारण तिथले फासे कापलेले असतात. ही बाजू दिसायला छान, पण पाणी कमी टिपते. फासे असलेली बाजू अंगाकडे येते का आणि टोपीच्या आतही तीच बाजू आहे का, हे हात घालून बघा. काही टोप्यांना आतून गुळगुळीत अस्तर लावलेलं असतं. त्या डोकं झाकतात, पुसत मात्र नाहीत.

‘बांबू’ म्हणून मिळणारं कापड बहुधा बांबूपासून केलेलं व्हिस्कोज असतं. मऊ असतं, पाणीही खूप पितं, पण हळू वाळतं आणि ओलं असताना पिळलं तर लवकर विरतं. मायक्रोफायबर म्हणजे मुख्यतः पॉलिएस्टर. मोठ्या मुलाच्या पोहण्याच्या पिशवीत ते सोयीचं, तान्ह्यासाठी नको. आपल्याकडे अनेक घरांत बंब पेटलेला असतो, आंघोळीनंतर बाळाला शेगडीजवळ शेक दिला जातो. पॉलिएस्टरला ठिणगी लागली की ते वितळून कातडीला चिकटतं. सुतीही पेटतं, म्हणून कुठलाही टॉवेल विस्तवापासून हातभर लांबच ठेवावा. धुरी तर बाळाच्या छातीला त्रासच देते; ती टाळलेलीच बरी.

लेबलवर विश्वास बसत नसेल तर घरी आल्यावर कडेचा एक सुटा धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टरची कडक काळी गाठ होते.

काय नको

टोपीला नाडी नको. ओढून बांधायची दोरी गळ्याभोवती अडकू शकते, त्यामुळे नाडीचा टॉवेल दिसायला कितीही सुंदर असला तरी घेऊ नका. चिकटवलेले डोळे, मणी, गोंडे, सुटी बटणं नकोत. दात येणारं बाळ टोपीची कड तोंडात घालतंच. सशाचे कान असतील तर ते शिवणीत धरलेले हवेत, बोटाने जोरात ओढून बघा. भरतकामाची मागची बाजू गालाला लावून बघा. तिथला कडक कागद किंवा गाठी टोचत असतील तर बाळाच्या कपाळावर लाल वळ उठेल. गडद लाल किंवा निळा रंग असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर दहा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर टॉवेल नको. रंग पक्का व्हावा म्हणून नवा कपडा मिठाच्या पाण्यात भिजवतात, पण कारखान्यात रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग त्याने थांबत नाही.

शिवून घ्यायचा असेल तर

खडेबाजार, गणपत गल्लीत मनासारखा मिळाला नाही, किंवा निपाणी-चिकोडीकडे घराजवळच शिंपी असेल, तर शिवून घेणं हा उत्तम पर्याय आहे. टोपीचं माप हवं तसं मिळतं.

७५ बाय १५० सेंटिमीटरचा सुती टॉवेल घ्या. कापण्याआधी तो दोनदा धुवून वाळवा, कारण टेरी आटतं आणि साधारण ७० बाय १४० होऊन बसतं. न धुता शिवला तर पायपिंग (कडेवर दुमडून शिवायची कापडी पट्टी) एकीकडे, टॉवेल दुसरीकडे आटतो आणि कडा चुण्यांनी गोळा होतात. दोन्ही टोकांचे फासे नसलेले सपाट पट्टे कापून टाका, तेही वेगळे आटतात. उरलेल्यातून ७० बाय ७० चा चौकोन काढा. राहिलेल्या तुकड्यातून सरळ बाजू ३० सेंटिमीटर असलेला काटकोनी त्रिकोण काढा. बाकीच्या कापडात अंग चोळायचे हातमोजे होतात.

आता क्रम महत्त्वाचा. आधी त्रिकोणाच्या तिरक्या कडेला सुती पायपिंग लावा. मग त्रिकोण चौकोनाच्या एका कोपऱ्यावर बरोबर बसवून कच्चे टाके घाला. मग चौकोनाच्या चारही बाजूंना एकसलग पायपिंग फिरवा; त्यातच टोपीच्या दोन बाजू धरल्या जातात. चार बाजूंचे २८०, तिरक्या कडेचे ४२, कोपरे आणि जोड धरून साडेतीन मीटर पायपिंग आणा. चारही कोपरे वाटी ठेवून गोल कापले तर पायपिंग सुरकुत्या न पडता वळतं. मशीनला १६ नंबरची सुई आणि ३ मिलिमीटरचा टाका. बारीक सुई टेरीत वाकते आणि टाके सुटतात. कापलेल्या कडांना आधी ओव्हरलॉक मारून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात फासे उसवून बादलीभर लव निघते.

वापरायचा कसा

नवा टॉवेल रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. कारखान्यात त्यावर मऊपणासाठी लेप दिलेला असतो, त्यामुळे सुरुवातीला पाणी अंगावरून घरंगळतं. दोन-तीन धुण्यांनंतर तो खरा टिपायला लागतो. परीक्षा घ्यायची तर चमच्याने चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे वर उभे राहिले तर अजून एकदा धुवा.

आपल्याकडे आजी किंवा न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय पसरून बसते आणि बाळ नडग्यांवर पालथं असतं. अशा वेळी टॉवेल मागून कुणी आणून देईल या भरवशावर राहू नका. उजव्या हाताला कोरडं स्टूल ठेवा, त्यावर खाली दुपटं आणि वर टॉवेल, टोपीचा कोपरा डोक्याच्या बाजूला येईल असा पतंगासारखा पसरून. टोपीचं तोंड आधीच बोटांनी उघडून ठेवा.

शेवटचा तांब्या ओतल्यावर बाळाला उताणं उचलून टॉवेलवर ठेवा. पहिल्यांदा टोपी. मग डावा कोपरा छातीवरून, पायाकडचा वर, आणि शेवटी उजवा. आता चोळायचं नाही, दाबून टिपायचं. टोपीच्या वरूनच तळहात टाळूवर हलके ठेवा, केसांतलं पाणी कापडात येतं. मानेची वळी, कानामागची घडी, काखा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू या जागा कोपऱ्याने उघडून एकेक टिपा. डाळीचं पीठ लावत असाल तर ते मानेच्या वळीत हमखास राहतं आणि दमट राहून तिथे लाली येते. कानात कापसाची काडी घालू नका. टोपीच्या कडेने बाहेरची पाळी पुसली की पुरे.

हे सगळं तीन ते पाच मिनिटांत संपवा आणि टॉवेल काढून बाळाला कोरड्या दुपट्यात घ्या. आंघोळीनंतर बाळाला झोप येते, त्याच टॉवेलमध्ये ते मांडीवर पेंगतं आणि कुणाला उठवायचा जीव होत नाही. तरीही काढाच. ओलं कापड गार करतं, आणि झोपेत टोपी घसरून नाकातोंडावर येऊ शकते. टोपीचा टॉवेल घालून बाळाला कधीही झोपवू नये.

पोहायला नेताना

उन्हाळ्यात बेळगावात पोहण्याच्या तलावावर गर्दी असते. गावाकडे विहीर, खानापूरला मलप्रभा, निपाणीकडे वेदगंगा-दूधगंगा. तलावाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते टॉवेलचा रंग उडवतं आणि अंगावर राहिलं तर कातडी कोरडी पडते. म्हणून आधी साध्या पाण्याने डोक्यावरून आंघोळ, मगच टॉवेल. घरी आल्यावर टॉवेलही साध्या पाण्यातून काढा.

तीन वर्षांपुढच्या मुलाला इथे पोंचो सगळ्यात सोयीचा, कारण आत राहूनच ओली चड्डी बदलता येते. त्याचा गळा तपासा. तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० सेंटिमीटर असतो, तेव्हा गळ्याचा घेर ५८ ते ६० हवा. ओल्या केसांवरून अरुंद गळा उतरत नाही, मूल आत घाबरतं. बाजूंना शिवणीऐवजी दोन-दोन टिचबटणं असतील तर आणखी बरं. लांबी खांद्यापासून गुडघ्याच्या थोडी खाली.

विहिरीवर आणि नदीकाठी एक नियम कडक पाळा: पायऱ्या चढून, काठापासून पाच-सहा पावलं आत आल्यावरच टोपी डोक्यावर. टोपीमुळे बाजूचं दिसत नाही, आणि टॉवेल अंगावर असताना मूल पाण्यात पडलं तर भिजलेलं कापड हातपाय मारू देत नाही. कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलाचा दंड धरूनच टॉवेल घाला.

परतीच्या एसटीत ओला टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला जातो आणि रात्रीपर्यंत तसाच राहतो. पिशवीला गाठ मारू नका, आणि घरी पोचल्या पोचल्या आधी तो बाहेर काढा.

धुणं, तेल आणि पावसाळा

आपल्या टॉवेलांचा खरा शत्रू मालिशचं तेल. खोबरेल किंवा तिळाचं तेल फाशांत बसतं, काही आठवड्यांत खवट वास येतो, कापड पिवळं, कडक होतं आणि पाणी टिपेनासं होतं. उपाय असा: दहा लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून टॉवेल अर्धा तास भिजवा, मग साबणाने धुऊन दोन पाण्यांतून काढा. सोड्याने हातांची कातडी सोलते, काठीने ढवळा. हे पंधरा दिवसांतून एकदा केलं तरी पुरतं. रोजच्या धुण्याला बादलीला एक सपाट मोठा चमचा पावडर बास. जास्त घातली की ती फाशांत राहते, मग बाळाच्या अंगाला खाज सुटते.

फॅब्रिक कंडिशनर टाळा. धाग्यावर त्याचा थर बसतो आणि टॉवेल वास छान देतो, पण पाणी ढकलतो. बोअरच्या जड पाण्याने टॉवेल पापडासारखा होत असेल तर शेवटच्या बादलीत अर्धा कप पांढरं व्हिनेगर घाला, आणि वाळत घालण्याआधी टॉवेल दोन टोकांनी धरून जोरात झटका. फासे उभे राहतात.

पावसाळ्यात वास सुरू होतो तो टोपीपासून. तिथे दोन पदर आणि जाड शिवण असते. बाकीचा टॉवेल वाळला तरी टोपीच्या टोकात बोट घातलं की गार लागतं. म्हणून टोपी उलटी करून, तिच्या कडेला दोन चिमटे लांब लांब लावून, पिशवीसारखी उघडी राहील अशी टांगा. दोरीवर दुहेरी घडी घालू नका. पंख्याखाली वाळवा, चुलीवर वाळवला तर धुराचा वास बाळाच्या नाकाशी येतो. शेवटचा दमटपणा इस्त्रीने काढा, टोपीची शिवण दोन्ही बाजूंनी दाबून.

शिवणीत तिळाएवढे काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. पांढऱ्या टॉवेलला ब्लीच चालतं, रंगीत असेल तर टोपी उसवून काढा आणि नवी शिवून घ्या. उरलेला चौकोन चांगला असतोच. ठिपके टॉवेलभर पसरले असतील, किंवा धुतल्यावरही थेंब वरच उभे राहत असतील, तर त्याचं आता पायपुसणं करा.